साक्षीदाराची जागा

निपाणी. सकाळचे सहा चाळीस.
थिएटरच्या दाराशी ट्रॉली, तिच्यावर हौसाक्का मगदूम,
हिरवा गाऊन मागून बांधलेला,
कुड्या जावयाच्या खिशात.

फॉर्म कन्नडात आहे.
मी तो चौथीच्या पोरीसारखा वाचते, ओठ हलवत.
ओप्पिगे म्हणजे संमती.
गर्भकोश म्हणजे पिशवी.
उजवीकडे खाली एक रेघ, तिच्याखाली साक्षी.
हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा.
तिथं माझी सही.

जावई म्हणतो, घ्या की सिस्टर अंगठा,
डॉक्टर थांबल्यात.

अंगठा उमटतो, पण त्यात रेषा नाहीत.
नुसता निळा ठिपका, चिंचोक्याएवढा.
एकोणतीस वर्षं विडीची पानं कातरून, वळून
तंबाखूनं तिच्या बोटावरची ती घासून नेली आहे.
बँकेतलं मशीन तिला ओळखत नाही,
रेशनवाला म्हणतो, पुसून पुन्हा लावा.
इथं कुणी काही म्हणत नाही.
इथं ठिपका पुरतो.

मावशी, आज काय काढणार आहेत?
'गाठ.' ती बोटांनी माप दाखवते. 'लिंबाएवढी.'
आणि?
'आनि काय आसतंय?'
जावई खिडकीबाहेर वखारीचे पत्रे मोजू लागतो.

बेळगावात सिस्टर टेक्ला फळ्यावर लिहायच्या,
पुसायच्या, मग आमच्याकडून म्हणवून घ्यायच्या:
न विचारता लावलेला हात
बरं करणारा असला तरी
कायद्याच्या लेखी तो अंगावर टाकलेला हातच.
आम्ही मागच्या बाकावर हसायचो.
परीक्षेला पाच मार्कांना होतं.
मला साडेचार मिळाले होते,
अर्धा कुठं गेला कोण जाणे.

मी पेनाला टोपण लावलं.

डॉक्टर हिरेगौडर बाहेर आले, मास्क हनुवटीवर.
माणूस वाईट नाही. आज यादीत नऊ पेशंट,
भूलवाले चिकोडीहून येऊन बसलेले.
तिच्या माणसांना सांगितलंय ना, म्हणाले.
तिच्या माणसांना.
पिशवी माणसांची नव्हती,
पण एवढं कन्नड मला कुठलं यायला.
मला दोनच शब्द जुळले:
अवरिगे गोत्तिल्ल.
त्यांना माहीत नाही.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग ट्रॉलीशी वाकले, आणि बोलू लागले.
ते एक वाक्य बोलायचे, मी एक.
त्यांनी 'कदाचित' म्हटलं तिथं मी 'कदाचित' म्हटलं,
माझ्या पदरचा धीर घातला नाही.
तो घालावा असं फार वाटत होतं.

हौसाक्का छताकडे बघत होती.
मग जावयाकडे न बघता म्हणाली,
'पिशवीच न्हवं? सांगाय तोंड न्हवतं व्हय?'
आणि मला:
'आज नगं. घरला जाऊन येतो.
थोरलीला इच्यारायचं न्हाई, सांगायचं हाय.'

सात वाजून पाच मिनिटं.
रुग्णास तिच्या भाषेत माहिती दिली.
रुग्णाने वेळ मागितला.
जे लिहिलं नाही ते केलंच नाही, हेही टेक्लांचंच.
म्हणून लिहिलं.
जावई जिन्यात काय बोलला ते लिहिलं नाही,
ट्रॉलीवरून उतरताना तिनं माझं मनगट किती घट्ट धरलं
त्याला नोंदवहीत रकाना नाही.
अंगठ्याचा फॉर्म फाडता येत नाही.
आडवी रेघ मारली, तारीख टाकली, फाईलला लावला.

दुपारी मेमो आला. यादी लांबल्याबद्दल.
तोही कन्नडात.
ओठ हलवत वाचला.

गुरुवारी ती आली, थोरलीला घेऊन.
कुड्या स्वतःच काढून लेकीच्या ओंजळीत टाकल्या.
नवा फॉर्म. शाईचा पॅड.
पुन्हा तोच ठिपका, बिनरेषांचा,
कुणाचाही असू शकेल असा.

मी त्याच्याकडे बघत बसले.
'कर की सही,' हौसाक्का म्हणाली,
'माजाच हाय.'